आरशात कॅमेरा का दिसत नाही?

चित्रपट पाहताना आपण पुष्कळशा गोष्टी मुकाट्याने मान्य करून टाकतो. नायिका आरशापुढे बसून कुंकू लावीत असते. पडद्यावर आपल्याला तिची पाठ दिसते, वेणी दिसते आणि आरशात तिचा चेहराही दिसतो. आता हे चित्र घेणारा कॅमेरा तिच्या पाठीमागेच कुठेतरी असला पाहिजे. कॅमेरा म्हटला की त्याच्यापाशी तो चालविणारा माणूस आला, दिवे आले, दिग्दर्शक आला, हाताखालची चारदोन पोरे आली. एवढा लवाजमा समोर उभा असताना आरशात नायिका तेवढी दिसावी आणि बाकीचे कोणीच दिसू नये, हे कसे?

वर्गात हा प्रश्न विचारून पाहा. आजची मुले चटकन उत्तर देतील, "गुरुजी, ते कॉम्प्युटरवर पुसून टाकतात." उत्तर अगदीच खोटे नाही. आजकाल तसेही करतात. परंतु संगणकाचे नावही कोणाला ठाऊक नव्हते, तेव्हादेखील आपल्या मराठी मंडळींनी आरशातली दृश्ये चित्रित केली आहेत, आणि त्यांत कॅमेरा दिसत नाही. ही किमया कशाच्या बळावर साधली? शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातला प्रकाशाचा धडा आणि थोडीशी युक्ती, एवढ्याच भांडवलावर.

तो धडा आपण आधी उजळून घेऊ. उन्हात बसून पोरे आरशाच्या तुकड्याने समोरच्या भिंतीवर कवडसा पाडतात, हा खेळ कोणी खेळला नाही असा माणूस विरळा. आरसा जरासा वळवला की कवडसा भिंतीवर भली मोठी उडी घेतो. प्रकाश आरशावर ज्या कोनात येऊन पडतो, त्याच कोनात पलीकडे उसळून जातो. आरशाला काटकोनात असलेल्या रेषेपासून तो डावीकडून तीस अंशांनी आला, तर उजवीकडे तीस अंशांनीच जाणार. ह्यात कधी फरक पडत नाही. आणि दुसरी गोष्ट अशी की, ही वाट जशी जाण्याची तशीच येण्याचीही आहे. तुम्हाला आरशातून माझा डोळा दिसत असेल, तर मलाही त्याच आरशातून तुमचा डोळा दिसलाच पाहिजे.

गावातल्या केशकर्तनालयात जा आणि बाजूच्या दारात उभे राहून आत बघा. खुर्चीवर बसलेल्या गिऱ्हाइकाचे तोंड तुम्हाला समोरच्या आरशात दिसते. त्यालाही तुम्ही दिसता; तो तिथूनच "रामराम" करतो. पण तुम्हाला तुमचे स्वतःचे तोंड त्या आरशात दिसते का? नाही दिसत. कारण तुम्ही आरशाच्या समोर नाही, बाजूला आहात. गिऱ्हाइकाच्या जागी नट बसवा आणि दारातल्या माणसाच्या जागी कॅमेरा ठेवा. झाले! सिनेमातल्या आरशाचे निम्मेअधिक गुपित इथेच उलगडले.

हेच जरा नेमकेपणाने सांगू. कॅमेऱ्याच्या भिंगापासून आरशाच्या पातळीवर एक सरळ लंब टाकला, असे समजा. तो लंब जर आरशाच्या काचेवर पडला, तर कॅमेऱ्याला स्वतःचे रूप आरशात सापडेल. तो लंब काच सोडून चौकटीबाहेर, भिंतीवर पडला, तर कॅमेरा त्या आरशात स्वतःला कधीही पाहू शकणार नाही. मग भिंग कितीही मोठे असो, दिवे कितीही प्रखर असोत. नियम एवढाच, पण मोठा कामाचा.

ह्या नियमाची साक्ष बीड शहरातच मिळते. कंकालेश्वराचे प्राचीन देऊळ एका कुंडाच्या मधोमध, पाण्यात उभे आहे. कुंडात पाणी असेल आणि वारा पडलेला असेल, तेव्हा देवळाचे प्रतिबिंब पाण्यात उतरते. काठावर उभे राहून त्याचे छायाचित्र घेणाऱ्याला कॅमेरा लपवावा लागत नाही. त्याच्या भिंगापासून पाण्याच्या पातळीवर लंब टाकला, तर तो त्याच्याच पायाशी, काठाच्या दगडावर पडतो. आरसा, म्हणजे पाणी, पुढेच राहते. उलट आडाच्या काठावरून आत वाकून बघा. आता लंब सरळ पाण्यावर पडतो, आणि खालून आपलेच तोंड आपल्याकडे बघू लागते. पाणी दोन्हीकडे सारखेच. फरक आहे तो आपल्या उभे राहण्याच्या जागेत.

आता चित्रण करणारे काय करतात ते पाहू. ते कॅमेरा आरशाच्या एका अंगाला ठेवतात आणि नटाला दुसऱ्या अंगाला थोडे सरकवून उभे करतात. गंमत अशी की, नटाला त्या वेळी आरशात स्वतःचा चेहरा दिसतच नाही. त्याला दिसते कॅमेऱ्याचे भिंग, किंवा भिंगाच्या शेजारची जागा. तो तिकडे बघून मिशीवर ताव मारतो, आणि आपण प्रेक्षक समजतो की गडी स्वतःचे रूप न्याहाळतो आहे. नटाने खरोखरच स्वतःकडे पाहिले, तर पडद्यावर त्याची नजर भलतीकडेच लागलेली वाटते.

दुसरी खुबी आरसा कलता करण्याची. कवडशाची उडी आठवते ना? आरसा जितका वळवावा, त्याच्या दुप्पट परावर्तित किरण वळतो. आरसा पाच अंश कलला, तर किरण दहा अंश फिरतो. कॅमेरा दहा फुटांवर अगदी समोर असेल, तर तेवढ्या कलण्याने परतीचा किरण सुमारे पावणेदोन फूट बाजूला सरकतो आणि कॅमेऱ्याला चुकवून जातो. प्रेक्षकाला मात्र पाच अंशांचा कल डोळ्यांनी जाणवत नाही. म्हणून भिंतीवरच्या आरशामागे एका कडेला लाकडाची पाचर सारून देण्याची युक्ती चालते.

तिसरी गोष्ट अंतराची. आरशातले चित्र काचेवर चिकटवलेले नसते. ते काचेच्या पलीकडे, जितका माणूस अलीकडे तितके आत असते. समजा, भिंगापासून आरसा चार फूट आणि आरशापासून नट तीन फूट. तर कॅमेऱ्याचे अंतर सात फुटांवर लावावे लागते. चारावर लावले, तर आरशावरची धूळ आणि बोटांचे ठसे स्वच्छ येतील आणि नटाचा चेहरा धूसर होईल. मोबाइलने चित्रण करणाऱ्यांनाही हा अनुभव येतो. पडद्यावर चेहऱ्यावर बोट ठेवले की मोबाइल अंतर आपणहून जुळवून घेतो.

एवढी खटपट कशासाठी? तर आरशाचे दृश्य नुसती करमणूक नसते. आपल्या मराठीतच त्याचे उदाहरण आहे. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने १९३७ साली व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली 'कुंकू' हा बोलपट काढला. नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर तो आधारला होता, आणि 'दुनिया न माने' या नावाने तो हिंदीतही निघाला. नीरा नावाच्या तरुण मुलीला फसवून एका वृद्ध विधुराशी तिचे लग्न लावून दिले जाते. ती हे लग्न मानायला नकार देते. नीरेचे काम शांता आपटे यांनी आणि वृद्ध काकासाहेबांचे काम केशवराव दाते यांनी केले. ह्या बोलपटाला वेगळे पार्श्वसंगीत नाही. घरातले, रस्त्यावरचे नैसर्गिक आवाज तेवढे आहेत. आणि त्यात आरसा आहे. काकासाहेबांचा आरसा फुटतो आणि त्याच्या तुकड्यातुकड्यांतून त्यांचाच चेहरा त्यांना हिणवू लागतो. म्हाताऱ्याला जे कोणी तोंडावर सांगू शकले नाही, ते आरशाने सांगितले.

आता कल्पना करा, त्यातल्या एखाद्या तुकड्यात कॅमेऱ्याचे तिवई आणि त्यामागचा माणूस दिसला असता, तर? प्रेक्षागृहात हशा पिकला असता आणि त्या दृश्यातले सत्य वाहून गेले असते. कॅमेरा लपवायचा तो प्रेक्षकांच्या डोळ्यांत धूळ फेकण्यासाठी नव्हे. जे दाखवायचे त्यावरून नजर ढळू नये, यासाठी.

अखंड आरशापेक्षा फुटका आरसा अवघड. कारण प्रत्येक तुकडा थोडा निराळा कललेला असतो, आणि प्रत्येकाचा लंब निराळा. एक तुकडा जुळवावा तर दुसरा कॅमेऱ्याकडे तोंड करतो. मग दोनचार तुकड्यांऐवजी हजारो तुकडे असतील तर काय होईल? हा प्रसंग के. आसिफ यांच्या 'मुगल-ए-आझम'च्या वेळी मुंबईच्या मोहन स्टुडिओत आला. हा चित्रपट ५ ऑगस्ट १९६० रोजी प्रदर्शित झाला. त्यातल्या शीशमहालाची इमारत सुमारे १५० फूट लांब, ८० फूट रुंद आणि ३५ फूट उंच होती, आणि ती उभारायला दोन वर्षे लागली. बेल्जियमची काच आणून फिरोजाबादच्या कारागिरांनी तिचे तुकडे जडवले होते. महाल उभा राहिला, पण दिवे लावताच तुकडा न् तुकडा झळाळू लागला. त्या झगमगाटात चित्र घ्यावे कसे? बाजूला सरकण्याची युक्ती इथे लंगडी पडली, कारण कुठेही सरका, कोणता ना कोणता तुकडा तुमच्याकडे बघणारच.

छायालेखक आर. डी. माथूर यांनी दोन उपाय केले. काचांवर मेणाचा पातळ थर देऊन त्यांची डोळे दिपवणारी चमक मारली. आणि दिव्यांचा झोत महालावर सरळ न सोडता कापडाच्या पट्ट्यांवर टाकून, तिथून परतणारा सौम्य उजेड वापरला. नुसता दिवा काचेत ठिणगीसारखा टोचतो. कापडावरून येणारा उजेड पसरट असल्यामुळे टोचत नाही. अशा रीतीने मधुबालेचे नृत्य चित्रित झाले आणि छताच्या असंख्य काचांत एकाच वेळी तिची प्रतिबिंबे नाचताना लोकांनी पाहिली. बराचसा चित्रपट कृष्णधवल असताना हे गाणे रंगीत होते, म्हणून तर त्याची नवलाई अधिक.

हीच अडचण आपल्या घरात तांब्याने, घागरीने, समईने येते. घासूनपुसून लख्ख केलेल्या पितळी तांब्याचे छायाचित्र काढून बघा. तुम्ही कुठेही उभे राहा, तांब्याच्या पोटात तुम्ही छोटेसे होऊन बसलेले असता. फुगीर पृष्ठाचा काही ना काही भाग नेहमी तुमच्याकडे तोंड करून असतो, म्हणून लंब चुकवता येत नाही. इथे दूर उभे राहावे, म्हणजे आपले रूप अगदी बारीक होते. आपण अंधारात राहून उजेड तांब्यावर बाजूने टाकावा. किंवा आपल्या समोरच्या भागावर मेणाचा पुसट हात फिरवावा. शीशमहालाचा उपाय, पण चार पैशांत.

अंधार आणि उजेड यांच्या खेळातून आणखी एक युक्ती निघते. रात्री एसटीने प्रवास करताना गाडीतले दिवे लागलेले असले, की खिडकीच्या काचेत आपल्याला आपलेच तोंड दिसते. बाहेरचे शेत, झाड काही दिसत नाही. बाहेर अंधारात उभ्या असलेल्या माणसाला मात्र गाडीतला प्रत्येक उतारू स्पष्ट दिसतो. काच तीच, पण उजेडाच्या बाजूने ती आरसा आणि अंधाराच्या बाजूने खिडकी. काचेवर चांदीचा अगदी विरळ मुलामा दिला, की हा गुण वाढतो. अशा काचेमागे काळोखी खोली करून तिच्यात कॅमेरा ठेवला, की तो नटाच्या अगदी समोर असूनही दिसत नाही. अमेरिकन दिग्दर्शक ऑर्सन वेल्स यांच्या 'द लेडी फ्रॉम शांघाय' या १९४७ सालच्या चित्रपटात शेवटचा गोळीबार आरशांच्या भुलभुलैयात होतो. तिथे काही आरशांच्या मागून, आरपार चित्रण केले होते.

आणि सर्वांत सोपी युक्ती कोणती म्हणाल, तर आरसाच न ठेवणे! भिंतीत नुसती रिकामी चौकट बसवायची, पलीकडे तशीच दुसरी खोली सजवायची आणि तिच्यात तसाच दिसणारा दुसरा माणूस उभा करायचा. अमेरिकेतल्या मार्क्स बंधूंनी १९३३ सालच्या 'डक सूप'मध्ये हाच विनोद केला आहे. आरसा फुटलेला असतो, आणि पकडले जाऊ नये म्हणून एक भाऊ दुसऱ्याचे प्रतिबिंब असल्याचे सोंग आणतो. हा हात वर करतो, तोही करतो. हा उडी मारतो, तोही मारतो. पुढे १९९१ साली 'टर्मिनेटर'च्या दुसऱ्या भागासाठी नायिका लिंडा हॅमिल्टन हिच्या जुळ्या बहिणीला चौकटीच्या एका बाजूला उभे करून असेच दृश्य घेतले गेले. चौकटीत काच नाही म्हटल्यावर कॅमेरा दिसण्याची भीती कसली?

यानंतर संगणकाचा काळ आला. १९९७ सालच्या 'कॉन्टॅक्ट' या चित्रपटात एक मुलगी वडिलांसाठी औषध आणायला जिवाच्या आकांताने धावते. आपण तिच्यापुढे धावणाऱ्या कॅमेऱ्यातून तिला बघत असतो. ती कपाटाकडे हात नेते, आणि तेव्हा कळते की आपण आतापर्यंत कपाटाच्या आरशातले दृश्य पाहत होतो. असा आरसा जगात असू शकत नाही. धावण्याचे चित्र वेगळे घेतले, कपाटाच्या दाराचे वेगळे घेतले आणि दोन्हींची बेमालूम सांगड घातली. आज हिरवे कापड आणि एक साधा संगणक असला, तर शहाणा विद्यार्थीसुद्धा अशी सांगड घालू शकतो.

आता शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, थोडे वर्गाकडे वळू. ह्या धड्याचा प्रयोग करायला प्रयोगशाळा नको. एक फूटभर रुंदीचा आरसा मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर भिंतीला टांगा. आरशाच्या दोन्ही कडांवरून ओळंबा सोडून जमिनीवर दोन खुणा करा. गवंड्याचा गुण्या मिळाला तर उत्तम. त्याच्या आधाराने ह्या दोन खुणांपासून भिंतीशी काटकोनात खडूच्या दोन सरळ रेषा खोलीच्या पार टोकापर्यंत ओढा. दोन रेषांमध्ये फूटभर रुंदीचा पट्टा तयार होईल. जो मुलगा ह्या पट्ट्यात उभा राहील त्याला आरशात आपला चेहरा दिसेल. जो पट्ट्याबाहेर जाईल त्याला दिसणार नाही. जवळ जा, लांब जा, पट्टा तेवढाच राहतो. आरशापासून दूर गेले की आपण जास्त दिसतो, अशी पुष्कळांची समजूत असते. इथे ती तपासून घेता येते.

मग एका मुलीला पट्ट्याच्या डावीकडे आणि दुसरीला उजवीकडे, तितक्याच अंतरावर उभी करा. दोघींनी सांगावे, आरशात कोण दिसते. शेवटी एकीच्या हातात मोबाइल द्या. भिंग पट्ट्याच्या बाहेर, पण मोबाइलची कडा आत डोकावू नये म्हणून आणखी वीतभर लांब. एवढे सांभाळले की मोबाइल न दिसता आरशातल्या मैत्रिणीचे चित्र उतरते. उन्हात कवडशाचा खेळ करताना मात्र तो कोणाच्या डोळ्यांवर पडू देऊ नका.

ह्याचा घरगुती उपयोगही आहे. आजोबांचा काचेच्या चौकटीतला जुना फोटो मोबाइलने उतरवून घ्यावा, तर काचेत आपला हात आणि मोबाइल दिसतो. अशा वेळी खोलीतले दिवे मालवावेत, उजेड बाजूच्या खिडकीतून येऊ द्यावा आणि स्वतःपुढे काळे कापड धरून, त्याला भिंगापुरते भोक पाडून फोटो घ्यावा. काळ्या कापडाचे प्रतिबिंब दिसत नाही. आजोबा तेवढे दिसतात.

श्रोते हो, शेवटी पुन्हा एकदा 'कुंकू'ची आठवण काढतो. तो बोलपट निघाला त्याला आता पाऊणशेहून अधिक वर्षे झाली. आपल्या बीड जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबे दरसाल ऊसतोडीला बाहेर पडतात. वयात येणाऱ्या मुलीला मागे कोणाच्या भरवशावर ठेवावे, ह्या काळजीने शाळा सोडवून तिचे लग्न उरकून टाकले जाते. २००६ सालच्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने मुलीचे वय अठरा आणि मुलाचे एकवीस पूर्ण झाल्याशिवाय लग्न करता येत नाही. असे लग्न ठरत असल्याचे कळले तर १०९८ ह्या बालकांच्या मदतक्रमांकावर कोणालाही कळवता येते. हे सारे आपल्याला माहीत असते. परंतु माहीत असणे वेगळे आणि डोळ्यांपुढे दिसणे वेगळे.

म्हणून असे सुचवावेसे वाटते की, शाळेतल्या मुलींनी हा आरशाचा प्रयोग नुसता वहीत उतरवून ठेवू नये. पाच मिनिटांचे छोटे चित्र करावे. दप्तर खाली ठेवून आरशापुढे उभी केलेली, मुंडावळ्या बांधलेली एक मुलगी दाखवावी. तिच्या पाठीमागे दारात आई, वडील, मामा उभे आहेत, आणि सगळे एकाच आरशात दिसत आहेत. कॅमेरा पट्ट्याबाहेर ठेवावा, आरसा अंमळ कलता करावा, उजेड खिडकीतून घ्यावा. मग गावच्या मंडळींना शाळेच्या भिंतीवर ते दाखवावे. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असे आपण म्हणतो. पण आपलाच चेहरा पाहायचा तर आरसा लागतोच. आणि त्या आरशात कॅमेरा दिसला नाही, की पाहणाऱ्याला पळवाट राहत नाही. त्याला दिसते ती मुलगी, आणि तिच्यामागे उभे असलेले आपण.